२५ वॉटचा घरगुती अँप्लिफायर : कामाच्या नोंदी

१४ जुलै २०२४, रविवार

ठरलं एकदाचं. स्टिरिओ, ८ ओहमवर दर चॅनलला २५ वॉट, सगळे सुटे ट्रान्झिस्टर, आयसी नाही. आयसी वाईट असते म्हणून नाही हां, एलएम ३८८६ घेतली असती तर थोडक्यात काम उरकलं असतं आणि आवाजही झकास आला असता, पण मग आत काय चाललंय ते सगळं काळ्या प्लॅस्टिकमधे बंद. मला मल्टिमीटरची पिन टेकवून बघायचंय की कुठल्या ट्रान्झिस्टरमधून किती करंट जातोय. शिवाय बिघडला तर एखादा साधा ट्रान्झिस्टर बदलून परत चालू करता आला पाहिजे. जुने एसटीकेवाले सेट आठवा, त्यातली आयसी गेली आणि ओरिजिनल मिळायची बंद झाली की चांगला लाकडी डब्याचा अँप्लिफायर सरळ भंगारात.

शेजारचा पोरगा २५ वॉट ऐकून हसला, त्याच्या स्पीकरच्या खोक्यावर पीएमपीओचे (जाहिरातीतल्या फुगवलेल्या आकड्याचे) हजारात वॉट छापलेत म्हणे. छापायला काय जातंय. माझे स्पीकर ८७ डीबीचे, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ८७ डीबी, २५ वॉटला त्यात १४ डीबी वाढतात, १०१ झाले, आमच्या १२ बाय १० च्या खोलीत एवढ्या आवाजात कोण बसणार आहे. ५० वॉट केले तर फक्त ३ डीबी आणखी मिळतात आणि त्या ३ डीबीसाठी ट्रान्सफॉर्मर, कॅपॅसिटर, हीटसिंक सगळं जवळपास दुप्पट करायचं, खर्चासकट.

क्लास ए (गाणं नसलं तरी ट्रान्झिस्टर कायम पूर्ण करंटवर चालू) करायचा मोह होता, लिन्सली हूड यांचं १९६९ चं १० वॉटचं सर्किट अजूनही लोक आवडीने बनवतात, पण २५ वॉट क्लास ए म्हणजे गाणं लागो न लागो दोन चॅनल मिळून १०० वॉटच्या वर उष्णता सतत बाहेर, कोल्हापूरच्या मे महिन्यात ते कोण सोसणार. क्लास एबीच, म्हणजे लाटेचा वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगवेगळे ट्रान्झिस्टर सांभाळतात.

१७ जुलै

सर्किटमधे नवीन असं काही नाही आणि ते मुद्दामच. पुढं इनपुटचा टप्पा, मग व्होल्टेज वाढवणारा टप्पा, शेवटी करंट देणारी जोडी, ही तीन टप्प्यांची मांडणी हंग चँग लिन यांनी १९५६ मधे मांडली (त्यांच्या इनपुटला एकच ट्रान्झिस्टर होता, आता तिथं दोनांची जोडी असते), तिथून आजपर्यंत बहुतेक सगळे अँप्लिफायर त्याच वाटेने गेलेत. लिन यांना पॉवरचा एनपीएन आणि पीएनपी अशी जुळती जोडी मिळत नव्हती म्हणून त्यांनी आउटपुटला दोन्हीकडं एकाच जातीचे लावले, क्वासी कॉम्प्लिमेंटरी म्हणतात ते. आपल्याला आता जोडी मिळते, हा दुसरा फरक.

कागदावर काढलेले आकडे, नंतर सापडावेत म्हणून :

पुढची जोडी बीसी ५५६बी, दोघांत मिळून २ मिलिअँपिअर. ते देणारा करंट सोर्स ३३० ओहमवर, ०.६५ भागिले ३३० म्हणजे १.९७, ठीक. दोघांच्या एमिटरला १००-१०० ओहम, खाली बीसी ५४६ चा करंट मिरर. व्होल्टेजचा टप्पा बीडी १३९, त्यात ८ मिलिअँपिअर, आणि त्याच्यावर १०० पीएफचा मिलर कॅपॅसिटर. आता २ मिलिअँपिअर भागिले १०० पीएफ केलं की २० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद स्लू रेट (आउटपुट किती झपाट्याने वर-खाली होऊ शकतं तो वेग) येतो. मला लागतो किती? २० किलोहर्ट्झला २१ व्होल्टचं शिखर गाठायला २.६ पुरतो. म्हणजे सातआठ पट हातात आहे, उगाच कॅपॅसिटर कमी करून ऑसिलेशनला (सर्किट आपोआप थरथरत राहण्याला) आमंत्रण द्यायची गरज नाही. लोक २२ पीएफ टाकून स्लू रेटच्या फुशारक्या मारतात आणि मग ट्वीटर (बारीक आवाजाचा स्पीकर) का जळला म्हणून विचारत बसतात.

फीडबॅक २२ के आणि १ के, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) २३. इनपुटचा बायस रेझिस्टर पण मुद्दाम २२ केच. दोन्ही बेसना बेस करंट लागतो, साधारण साडेतीन मायक्रोअँपिअर, तो २२ के मधून गेला की पाऊण दशांश व्होल्ट पडतो, दोन्ही बाजूला सारखाच पडला तर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून त्या जोडीचे गेन जुळवून घ्यायचे, १० टक्के फरक असला तर आउटपुटला ७-८ मिलिव्होल्ट डीसी दिसणार, ते चालतंय.

२१ जुलै, रविवार

एलटीस्पाइसवर चढवलं. फेज मार्जिन (ऑसिलेशनपासूनचं अंतर) ७० अंशाच्या आसपास, क्लिपिंग (जास्त आवाजाला लाटेची टोकं कापली जाणं) स्वच्छ, सगळं हिरवंगार. सिम्युलेटरमधल्या वायरला लांबी नसते आणि ट्रान्सफॉर्मरला चुंबकीय क्षेत्र नसतं, त्यामुळं जास्त खूष व्हायचं कारण नाही. पुढं.

२७ जुलै, शनिवार

धो धो पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर. तरी ट्रान्सफॉर्मरवाल्या काकांकडं जाऊन आलो, उद्यमनगरच्या मागच्या बोळात बसतात, वायंडिंगची दोन मशीन आणि वार्निशचा वास. मी म्हटलं १८-०-१८, ५ अँपिअर. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले, "साहेब, खरे ५ का बाजारातले ५?"

मी म्हटलं खरे. "मग गाभा मोठा लागंल, वजन होईल, आणि पैशे पण होतील. नंतर म्हणू नका."

बाजारातल्या ५ अँपिअरचा अर्थ असा की तारेची जाडी ३ ची आणि स्टिकर ५ चं. सरळ बोलले हे आवडलं. त्यांना तीन गोष्टी सांगितल्या : प्रायमरी २३० ला नाही २४० ला वाइंड करा, कारण आमच्या लाइनला कारखाने बंद झाले की रात्री २४५ च्या वर जातं. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मधे तांब्याच्या पत्र्याचा शील्ड, त्याची टोकं एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत, नाहीतर तोच एक शॉर्ट झालेला वेढा होतो. आणि बाहेरून पूर्ण गाभ्याभोवती तांब्याची पट्टी, ही मात्र टोकाला टोक लावून डाग मारून बंद करायची. पहिल्यात टोकं लावायची नाहीत आणि दुसऱ्यात लावायची हे ऐकून काका हसले, पण लगेच म्हणाले की बाहेरची पट्टी टीव्ही दुरुस्तीच्या काळात लावायचो, हल्ली कोणी मागत नाही.

टोरॉइडल का नाही असं कोणी विचारेल. मिळतो, पण महाग पडतो आणि चालू करताना झटका मोठा मारतो. हा चौकोनी ईआय गाभ्याचा, १८० व्हीए, बास झाला.

४ ऑगस्ट, रविवार

पार्ट आले. काही इथूनच, काही पुण्याच्या तापकीर गल्लीतून भावाने आणले, बाकी कुरियरने.

आउटपुटला आधी २एससी ५२०० आणि २एसए १९४३ लावायचं डोक्यात होतं, सगळ्या डीजे बोर्डांवर हीच जोडी असते, कुठंही मिळते. आणि तिथंच गोची आहे, कुठंही मिळते म्हणजे खरी किती मिळते. एका ठिकाणाहून दोन जोड्या घेतल्या होत्या, नाव छापलेलं, अक्षर जरा जास्तच चकचकीत. डेटाशीटला ५२०० चा कलेक्टर-बेस कपॅसिटन्स १० व्होल्टवर २०० पीएफ दिलाय आणि १९४३ चा ३६०. माझा साधा मीटर व्होल्ट न देताच मोजतो त्यामुळं आकडा त्याहून चांगलाच जास्त यायला पाहिजे, ह्यांनी दाखवला ९० आणि १२०, म्हणजे आतली चिप लहान. एक पक्कडीत धरून फोडला. आत तांब्याच्या पट्टीवर तिळाएवढी चिप. १५० वॉट म्हणे. खऱ्या १५० वॉटवाल्याची चिप ह्याच्या कितीतरी पट मोठी असते, उष्णता बाहेर पडायला तेवढा पृष्ठभाग लागतोच, त्याला पर्याय नाही.

मग टीआयपी ३५सी आणि ३६सी वर आलो. १०० व्होल्ट, २५ अँपिअर, १२५ वॉट. जुने, हळू, ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सी फक्त ३ मेगाहर्ट्झ, ऑडिओवाले नाक मुरडतात. पण माझी रेल (सप्लायची प्लस-मायनस लाइन) ±२५ ची, त्यात हे आरामात बसतात, आणि ह्यांच्या नकला कमी येतात कारण ह्यांना ग्लॅमर नाही. मीटरवर कपॅसिटन्स भरपूर, एक फोडला (हो, पैसे गेले, पण मनाची शांती), आत नखाएवढी चिप नीट बसलेली. पास.

बीसी ५५६ चा गठ्ठा घेऊन संध्याकाळभर गेन मोजत बसलो, २६० पासून ३४० पर्यंत सगळे, त्यातून २९० च्या जवळपासचे चार बाजूला काढले. हातात धरून मोजलं की बोटाच्या गरमीने आकडा चढत जातो, म्हणून चिमट्याने लावायचे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं.

११ ऑगस्ट, रविवार

पीसीबी. लेसर प्रिंट ग्लॉसी कागदावर, इस्त्री, मग फेरिक क्लोराईड. पावसाळी गारठ्यात फेरिक फार सावकाश खातं, डबा गरम पाण्याच्या परातीत ठेवला तेव्हा कुठं हललं. घरातली परात नव्हे, वेगळी आहे, हे आईला सांगून झालंय.

लेआउट करताना एकच गोष्ट डोक्यात धरली होती. क्लास एबीमधे प्लस रेलमधून फक्त वरच्या अर्ध्या लाटेचा करंट जातो आणि मायनसमधून खालच्या अर्ध्याचा. म्हणजे प्रत्येक रेलमधे गाण्याचा अर्धा चिरलेला, वेडावाकडा करंट वाहतोय. त्या ट्रॅकच्या शेजारून इनपुटचा ट्रॅक नेला तर तो चिरलेला आवाज चुंबकीय जोडणीने इनपुटमधे शिरतो, आणि मग कितीही भारी ट्रान्झिस्टर लावा, डिस्टॉर्शन कमी होत नाही. म्हणून दोन्ही रेल एकमेकांना चिकटून शेजारी शेजारी, इनपुट बोर्डच्या दुसऱ्या टोकाला. फीडबॅकचा ट्रॅक दोन एमिटर रेझिस्टर जिथं मिळतात त्या मधल्या बिंदूवरून, अर्ध्या वाटेवरून नाही. झोबेलचं (आउटपुटला ऑसिलेशन आवरणाऱ्या रेझिस्टर-कॅपॅसिटरच्या जोडीचं) ग्राउंड वेगळ्या वाटेने बाहेर, सिग्नल ग्राउंडला हात लावायचा नाही.

झोबेल म्हणजे १० ओहम आणि १०० नॅनोफॅरड. ह्यातला १० ओहम वायरवाउंड नको, ते स्वतःच गुंडाळी असते, मेटल ऑक्साइड २ वॉटचा लावला. आउटपुटची कॉइल २० गेजच्या इनॅमल वायरची, १२ वेढे, दुसऱ्या एका १० ओहमवर गुंडाळून दोन्ही टोकं त्यालाच सोल्डर केली. इनॅमल खरवडायचं काम कंटाळवाणं.

१८ ऑगस्ट, रविवार

हीटसिंक. भंगारात वेल्डिंग मशीनचा ॲल्युमिनियमचा मोठा सिंक मिळाला, पाती (फिन) चांगली उंच, अंदाजे ०.८ अंश प्रति वॉटचा धरतोय. हिशोब असा की २५ व्होल्ट रेल आणि ८ ओहम असताना एका चॅनलची जास्तीत जास्त उष्णता १६ वॉट होते, आणि गंमत म्हणजे ती फुल्ल आवाजाला नाही, साधारण ४० टक्के पॉवरला होते. दोन चॅनल ३२ वॉट, म्हणजे २५ अंश वाढ. गाण्यात तेवढं कधीच होत नाही. ४ ओहम लावला तर मात्र दुप्पट.

भोकं पाडायला उद्यमनगरात ओळखीच्या दादाकडं. त्याला एम३ चे टॅप पाहिजेत म्हटल्यावर म्हणाला, "भावा एवढं बारीक टॅप ॲल्युमिनियमला मोडतंय, रॉकेल घाल म्हंजे मोडत नाही." रॉकेल आता कुठून आणायचं, डिझेल घातलं, एकही टॅप मोडला नाही. मग त्यानेच सिंकवर पट्टी आडवी धरून उजेडात बघितली आणि मधे खोलगट आहे म्हणून फ्लाय कटरचा एक हात मारून दिला. पैसे घ्यायला तयार नव्हता, चहा आणि वडा यावर मिटलं. ह्या एका हाताने ट्रान्झिस्टर आणि सिंकमधला संपर्क जेवढा सुधारला तेवढा कुठल्याही महागड्या पेस्टने सुधारला नसता.

अभ्रकाचे वॉशर दोन्हीकडून पातळ पेस्ट लावून. टीआयपीची मागची पट्टी म्हणजे कलेक्टर, तिच्यावर पूर्ण रेल असते, त्यामुळं प्रत्येक स्क्रू आवळला की लगेच पट्टी ते सिंक मीटरने तपासायचं, सगळे लावून झाल्यावर नाही. एका भोकाच्या कडेला बारीक कीस राहिला होता, त्याने अभ्रक टोचला आणि मीटर ओरडला. भोकाची कड मोठ्या ड्रिलने हाताने फिरवून साफ केली, नवीन वॉशर.

बायस (गाणं नसतानाही आउटपुटच्या ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट) धरणारा बीडी १३९ सिंकवर न लावता सरळ टीआयपी ३५ च्या पाठीवर एकाच स्क्रूत बसवला. सिंक तापायला वेळ घेतो, ट्रान्झिस्टरची पाठ लगेच तापते, तिथं बसला की लवकर कळतं.

१ सप्टेंबर, रविवार

पहिल्यांदा करंट दिला. अर्थात सिरीज बल्बमधून. ६० वॉटचा तारेचा बल्ब शोधायलाच फिरावं लागलं, सगळीकडं एलईडी, आणि एलईडी इथं कामाचा नाही, आपल्याला गरम होऊन रोध वाढवणारी तारच पाहिजे. शेवटी एका जुन्या इलेक्ट्रिकल दुकानात वरच्या फळीवर मिळाला.

आधी नुसता सप्लाय. बल्ब भक्कन पेटला आणि हळूहळू मावळला, कॅपॅसिटर भरले, १०,००० मायक्रोफॅरड दर बाजूला. बल्ब काढून सरळ लाइनवर ±२६.९. काकांचा ट्रान्सफॉर्मर तासभर चालू ठेवला, जेमतेम कोमट आणि गुणगुण जवळजवळ नाही.

मग एक बोर्ड, बायसचा प्रीसेट कमीत कमी करंटच्या बाजूला, स्पीकर नाही. बल्ब पेटला, मावळला. आउटपुटला डीसी ६ मिलिव्होल्ट. दुसरा बोर्ड, ९ मिलिव्होल्ट. कागदावर ७-८ म्हटलं होतं, हे बघून जाम बरं वाटलं.

बायस : एमिटर रेझिस्टर ०.३३ ओहम, दोघांच्या मिळून टोकांवर ४० मिलिव्होल्ट, म्हणजे ६० मिलिअँपिअर. प्रीसेट पंचवीस वेढ्यांचा घेतलाय, स्क्रू फिरवला की आकडा एकेक मिलिव्होल्टने सरकतो, साध्या प्रीसेटने हे काम म्हणजे जिवाला घोर. अर्ध्या तासाने ४६ झाला होता, परत ४० ला आणला, झाकण ठेवलं, पुन्हा बघितलं, ४२ वर थांबला. थांबतोय हे महत्त्वाचं, चढतच गेला असता तर थर्मल रनअवे, म्हणजे तापला की करंट वाढतो आणि करंट वाढला की आणखी तापतो.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले, घरात पाहुणे, तरी दुपारी दोन तास मिळाले. ८ ओहमचा डमी लोड (वायरवाउंड रेझिस्टर पत्र्यावर बोल्ट केलेले), लॅपटॉपवरून १ किलोहर्ट्झ साइन.

छोट्या डीएसओ १३८ ऑसिलोस्कोप किटवर (लाट दाखवणारं यंत्र) लाट एकदम सुंदर दिसत होती. पण झोबेलचा रेझिस्टर कारण नसताना गरम. सिग्नल १ किलोहर्ट्झचा, तेवढ्याला १०० नॅनोफॅरडमधून करंट जातोच किती, म्हणजे नक्की काहीतरी फार वरच्या फ्रिक्वेन्सीचं चाललंय, आणि ह्या किटची झेप २०० किलोहर्ट्झपर्यंतच, त्याला ते दिसणारच नाही. मित्राकडून २० मेगाहर्ट्झचा जुना सीआरओ (मोठा ऑसिलोस्कोप) उचलून आणला. लावला आणि दिसलं, खालच्या अर्ध्या लाटेवर मधेच रेषा जाड होते, सुरवंटासारखी केसाळ नाही, पण स्पष्ट जाड. टाइमबेस ताणला तर ५-६ मेगाहर्ट्झचं ऑसिलेशन. फक्त खालच्या बाजूला, म्हणजे पीएनपी साइडचा ड्रायव्हर, बीडी १४०. बीडी १३९-१४० हे भलतेच वेगवान, एमिटर फॉलोअर म्हणून लावले आणि बेसची वाट जरा लांब असली की त्यांना नाचायला निमित्त मिळतं.

उपाय जुनाच. दोन्ही ड्रायव्हरच्या बेसला १००-१०० ओहम, ट्रान्झिस्टरच्या अगदी पायाशी, ट्रॅक कापून. टीआयपीच्या बेसला २.२ ओहम. आणि रेलवर ट्रान्झिस्टरच्या शेजारीच १०० नॅनोफॅरड. जाड रेष गायब, झोबेल गार. बाहेर मंडळाच्या मांडवात डॉल्बीचं टेस्टिंग चालू होतं, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि मी इथं २५ वॉटमधलं न ऐकू येणारं ऑसिलेशन काढत बसलोय.

१७ सप्टेंबर

विसर्जन. महाद्वार रोडची मिरवणूक उद्यापर्यंत चालणार. काम बंद.

२९ सप्टेंबर, रविवार

हम, म्हणजे स्पीकरमधली लाइनची गुणगुण. हा सगळ्यात मोठा विषय, आणि माझं म्हणणं असं की घरी अँप्लिफायर बनवणाऱ्यांपैकी अर्धे लोक इथंच कंटाळून सोडतात, सर्किट बरोबर असतं, वायर कुठून कुठं गेलीय ते बरोबर नसतं.

सगळं तात्पुरतं प्लायवर मांडलेलं, इनपुट शॉर्ट, आउटपुटला ट्रू आरएमएस मीटर. ३.८ मिलिव्होल्ट. माझ्या ८७ डीबीच्या स्पीकरवर हे १ मीटरला साधारण ३० डीबी होतं, दिवसा कळत नाही पण रात्री शांततेत नक्की ऐकू येतं.

आधी ५० का १०० ते बघायचं. १०० हर्ट्झ असेल तर रेक्टिफायर आणि कॅपॅसिटरच्या बाजूचं, ५० असेल तर ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र किंवा ग्राउंड लूप. सीआरओवर दोन्ही होते, १०० चे टोकदार काटे आणि खाली ५० ची सौम्य लाट.

काटे आधी. ब्रिजमधून कॅपॅसिटर सतत भरत नाहीत, दर १० मिलिसेकंदाला एकदा थोडाच वेळ, आणि त्या वेळात मोठा करंट ओढतात. तो करंट दोन कॅपॅसिटरच्या मधल्या ग्राउंड पट्टीतून आणि सेंटर टॅपमधून जातो. पट्टी तांब्याची जाड असली तरी तिच्या दोन टोकांत काही मिलिव्होल्ट पडतातच. बोर्डचं ग्राउंड ह्या पट्टीवरच कुठंतरी घेतलं तर ते काटे ग्राउंडमधेच मिसळून मिळतात. म्हणून पट्टीच्या मधोमध एक वेगळी शेपटी काढली, दोनेक इंचाची, तिच्या टोकाला एक बोल्ट, आणि स्पीकरचे रिटर्न, बोर्डचे ग्राउंड, झोबेल सगळे त्या बोल्टवर. शेपटीतून चार्जिंगचा करंट जातच नाही, त्यामुळं बोल्टवर सगळे एकाच पातळीला. ३.८ चे १.३ झाले.

मग दोन्ही इनपुट लॅपटॉपला लावल्यावर परत वाढलं. हे स्टिरिओचं ठरलेलं दुखणं, डावं आणि उजवं ग्राउंड आत बोल्टवर एकत्र, बाहेर लॅपटॉपच्या जॅकमधे परत एकत्र, झाला वेढा, त्यात ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झ शिरतं. प्रत्येक बोर्डवर इनपुटचं ग्राउंड बोल्टला सरळ न जोडता १० ओहममधून जोडलं. ऑडिओला १० ओहमचा काही फरक पडत नाही, लूपच्या करंटला मात्र पडतो. ०.७.

राहिलेलं ५० म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्याचे स्क्रू सोडले आणि तो जागेवरच हाताने फिरवत मीटर बघत बसलो. एका कोनात ०.९, एका कोनात ०.३. तिथं पेन्सिलने खूण. काकांच्या पट्टीने आधीच किती कमी झालं असेल ते आता कळायला मार्ग नाही पण माझी खात्री आहे. ०.३ मिलिव्होल्ट म्हणजे स्पीकरवर ८ डीबीच्या आत, कान लावला तरी फॅनचा आवाज जास्त.

मेनचं अर्थिंग डब्याला वेगळ्या बोल्टवर, दात असलेला वॉशर घालून, रंग खरवडून. ते काढून हम घालवणारे लोक आहेत, त्यांच्या घरच्यांची काळजी वाटते.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा, सीआरओ आणि सोल्डरिंग आयर्न दोघांनाही झेंडूचं फूल वाहिलं.

आज स्पीकर प्रोटेक्शन. एक टीआयपी शॉर्ट झाला तर सरळ २५ व्होल्ट डीसी स्पीकरवर, कॉइलचा डीसी रोध ६ ओहम धरला तर १०० वॉट, हलत नसलेल्या कॉइलमधे, काही सेकंदात धूर. त्यासाठी यूपीसी १२३७ (प्रोटेक्शनची आयसी) आणि २४ व्होल्टचा रिले. चालू केल्यावर काही सेकंद थांबून रिले लागतो त्यामुळं ठप्प आवाज येत नाही. रिलेची जोडणी करताना अँप्लिफायर एनओला (रिले लागला की जुळणारा संपर्क), स्पीकर कॉमनला आणि एनसी (रिले सुटला की जुळणारा) सरळ ग्राउंडला, कारण डीसी तोडताना संपर्कांत ठिणगीची कमान टिकून राहू शकते, एनसी ग्राउंडला असला की ती कमान स्पीकरमधून न जाता ग्राउंडला जाते आणि रेलचा फ्यूज उडतो. बाजारातली बरीच तयार बोर्डं एनसी मोकळा सोडतात.

रेलला ३ अँपिअर फ्यूज, प्रायमरीला स्लो ब्लो.

डबा १.६ मिमी पत्र्याचा, फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून, पावडर कोटिंग काळं मॅट. एकूण खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग ट्रान्सफॉर्मर, डबा आणि कनेक्टर ह्यांत गेलाय. ट्रान्झिस्टर सगळे मिळून त्याच्या पुढं चिल्लर.

२७ ऑक्टोबर, रविवार

डब्यात सगळं बसल्यावर परत मापं. एक चॅनल चालू असताना क्लिपिंगच्या आधी १४.४ व्होल्ट आरएमएस, ८ ओहमवर २६ वॉट. दोन्ही एकदम ओढले की रेल खाली येते, २३ वॉट. ह्यालाच मी २५ वॉटचा म्हणणार, वाद नको. फुल्ल लोडला रेलवर दीड व्होल्टच्या आसपास रिपल, हिशोबाएवढाच.

साउंड कार्ड आणि आरईडब्ल्यू (मापं घ्यायचं सॉफ्टवेअर) लावून १ किलोहर्ट्झ, १० वॉटला डिस्टॉर्शन ०.०१ टक्क्याच्या आसपास, पण कार्ड स्वतःलाच फिरवून जोडलं तरी ०.००८ दाखवतं, त्यामुळं हे माप अँप्लिफायरचं कमी आणि कार्डचं जास्त. १० किलोहर्ट्झची चौकोनी लाट, लोडला १०० नॅनोफॅरड समांतर : कडेला दोन-तीन लाटा उठतात आणि विरतात. ती कॉइल आणि कॅपॅसिटरची आपापसातली आहे, कॉइलच्या आतल्या बाजूला प्रोब लावला तर लाट शांत.

आधी वाटणारी भीती म्हणजे डब्यात बंद झाल्यावर हम वाढेल. ०.३ चा ०.३५. ट्रान्सफॉर्मर खुणेवरच बसवलाय.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. ताई आणि दाजी आले होते, त्यांच्यासमोर पहिल्यांदा नीट लावला. किशोरीताईंचा भूप लावला, तानपुरा मागे स्वच्छ वेगळा ऐकू येत होता, आणि आवाज बंद केल्यावर स्पीकरमधून काहीच नाही. दाजी म्हणाले आवाज गोड आहे पण बास जरा कमी वाटतो, त्यांच्या गाडीत सबवूफर आहे. मग त्यांनी कुठलंसं हलगीचं रीमिक्स लावायला सांगितलं, आवाज अर्ध्याच्या वर नेला, पाच इंची वूफरने जेवढा द्यायचा तेवढा बास दिला. अँप्लिफायर क्लिप झाला नव्हता, सीआरओ अजून जोडलेलाच होता म्हणून सांगतो. ताईला आवडलं ते पुढचं पॅनल.

दोन तास चालल्यावर सिंक ४१ अंश, ट्रान्सफॉर्मर ४४. बायस दोन्हीकडं ४१-४२ मिलिव्होल्ट.

राहिलेलं : व्हॉल्यूमचा पॉट २० केचा लावलाय, तळाशी डावं-उजवं नीट जुळत नाही, त्याच्या जागी स्टेप्ड ॲटेन्युएटर (टप्प्याटप्प्याने आवाज बदलणारा स्विच) बघायचा. ४ ओहमवर अजून टेस्ट केलेली नाही, त्याआधी सिंकवर ७० अंशाचा थर्मल कटआउट लावून प्रोटेक्शनच्या रिलेशी जोडायचा. सीआरओ मित्राला परत. बायस मे महिन्यात पुन्हा मोजायचा, खोली ३८ ला गेल्यावर. आणि दाजींना तसाच एक पाहिजे, पण सबवूफरसाठी, म्हणजे ±४० व्होल्टची रेल, तिथं बीडी १३९ चे ८० व्होल्ट पुरणार नाहीत, ड्रायव्हर बदलावे लागतील. काकांना विचारून ठेवलंय, २८-०-२८, खरे ६ अँपिअर.